वजन उतरलं, धास्ती राहिली

२०२३ च्या चैत्रातली गोष्ट. आमच्या मागच्या इमारतीत हळदीकुंकवाला गेले होते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळे रीतीप्रमाणे चालले होते. तेवढ्यात ओळखीच्या एक वयस्क बाई माझ्या दंडावर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली गं तुझी! मध्ये अगदी वाळून गेली होतीस."

आपल्याकडे ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरले, हे का तुम्हाला सांगायला हवे? बाईंच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. पण माझ्या पोटात गोळा आला. डाळीची वाटी तशीच ठेवली, काहीतरी सबब सांगून घरी आले, खोलीचे दार लावले आणि वजनकाट्यावर उभी राहिले. ७८ किलो ६०० ग्रॅम. बांगड्या काढून ठेवल्या, पुन्हा उभी राहिले. साडी सोडून पुन्हा. बाहेरून लेक दार वाजवत होती, "आई, काय करतेस?" "काही नाही गं," म्हटले आणि चौथ्यांदा काट्यावर चढले.

ज्यांनी वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. इतरांना वाटेल, की एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली, आता हिला कसली काळजी? मलाही आधी तसेच वाटले होते.

माझी शस्त्रक्रिया २०१९ च्या दिवाळीनंतर झाली. तेव्हा वजन १०८ किलो आणि उंची पाच फूट दोन इंच. साखर वाढलेली, गुडघे जिना चढू देत नव्हते, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि आमचे हे घाबरून मला हलवून जागे करायचे. भात सोडून झाला होता, नुसत्या काकडीवर आठवडा काढून झाला होता, पहाटे उठून गरम पाणी नि मधही झाला होता. बारा किलो उतरवायचे आणि पंधरा परत आणायचे, असा वीस वर्षांचा हिशेब होता. शेवटी ‘स्लीव्ह’ नावाची शस्त्रक्रिया करायचे ठरले. यात दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे ग्रेलिन नावाचे संप्रेरक बरेचसे त्या काढलेल्या भागातच तयार होत असते, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागेनाशीच होते. ‘बायपास’ हा दुसरा प्रकार. त्यात जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडून देतात.

सोळा महिन्यांत मी ७४ किलोंवर आले. साखरेची गोळी बंद झाली, घोरणे थांबले. ते दिवस काय वर्णावेत! वाण्याकडे, बसस्टॉपवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, जो तो थांबून विचारायचा. जुने ब्लाउज, पंजाबी ड्रेस सगळे बोहारणीला देऊन टाकले, कारण ते कपाटात राहिले तर मी पुन्हा त्यांच्यात जाईन असे वाटे. नवे ब्लाउज शिवायला टाकले तेव्हा शिंपी मास्तरांनी विचारले, "माया किती ठेवू?" मी म्हटले, "अजिबात नको. कापून टाका." मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. चाळीस वर्षांत कुण्या बाईने त्यांना असे सांगितले नसावे.

आणि मग एका सोमवारी काटा ७५ च्या पुढे गेला.

एकदा चोरी होऊन गेलेल्या घरातली बाई कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघते, तसे माझे झाले. सकाळी उठल्यावर वजन, आंघोळीनंतर वजन, शाळेतून आल्यावर वजन. आकडा खाली असला तर दिवस चांगला, वर असला तर घरातल्या प्रत्येकावर खेकसणे. आणि तो वर गेला की एकच उपाय सुचे, तो म्हणजे जेवण तोडायचे. पण नुसते ‘जेवत नाही’ म्हटले तर सासूबाई गप्प बसणार नाहीत. मग मी उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. घरात कौतुकच झाले. ‘एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठली, देवधर्माला लागली,’ असे सासूबाई आल्यागेल्याला सांगत. देवाच्या नावावर मी काट्याची पूजा करत होते, हे मला आणि देवालाच ठाऊक.

बरे, त्या उपासांनी वजन उतरले का? छे! दिवसभर चहा आणि दोन घास साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिने काय ती दाण्याच्या कुटातली. संध्याकाळपर्यंत हातपाय गळून जात आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा न लावता मी डब्यात हात घालीत असे. बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याची चिक्की, मिळेल ते. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती मला फार उशिरा कळली. आमच्यासारख्यांचे जठर लहान असते ते घट्ट अन्नाला. वाटीभर मटकीची उसळ किंवा अंड्याची भुर्जी खाल्ली की पोट गच्च होते, घास पुढे जात नाही. पण चिवडा, खारी, बिस्किटे, आइस्क्रीम, श्रीखंड यांचे तसे नाही. ते चहाच्या घोटाबरोबर विरघळून सरकून जातात आणि अर्ध्या तासाने पोट पुन्हा मोकळे. दोन-दोन बाकरवड्या करत दिवसभरात पाव किलोचे पाकीट संपते आणि ‘मी काही जेवलेच नाही’ असे आपण शपथेवर सांगू शकतो. शस्त्रक्रियेनंतर वजन परत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे हे येता-जाता खाणे. आणि मला तरी त्याकडे ढकलले ते उपासमारीनेच. म्हणजे ज्या भीतीने मी जेवण सोडत होते, तीच भीती माझे वजन वाढवीत होती.

तिसरी चूक सर्वांत वाईट. शस्त्रक्रियेनंतर ब जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. त्या मी बंद केल्या, कारण ‘ताकदीच्या गोळ्यांनी माणूस फुगतो’ असे कुणीतरी म्हणाले आणि मला ते पटले. मी शाळेत शिकवते, तरीही पटले! भीतीपुढे शिक्षण कसे पाणी भरते बघा. आणि दर वर्षीच्या तपासणीला जाणेही सोडले. कोणत्या तोंडाने जायचे? ज्या डॉक्टरांनी ‘शाबास’ म्हणून पाठ थोपटली, त्यांच्यासमोर वाढलेला आकडा घेऊन उभे राहायचे? २०२१ च्या जूननंतर मी तिकडे फिरकलेच नाही. दवाखान्यातून फोन आला की ‘शाळेत परीक्षा आहेत’ म्हणून सांगायची.

डोळे उघडले ते मात्र दवाखान्यात नव्हे, घरीच.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. हाडकुळी नाही, जाडही नाही, वयाप्रमाणे. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिचे दप्तर आवरायला घेतले, तर गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता सापडला. तारीख, वार आणि पुढे किलो. सकाळ-संध्याकाळचे वेगळे रकाने. काही आकड्यांपुढे लाल पेनने फुली. मी तिला जवळ घेऊन विचारले, तर आधी बोलेना. मग म्हणाली, "तू पण लिहितेस ना? आपल्याला वाढायचंच आहे, तुझ्यासारखं. म्हणून मी डब्यातली एक पोळी मैत्रिणीला देते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, "उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तिला नाही, तुला न्यायचंय." शिवाय काही महिन्यांपासून माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या, जिना उतरताना पायरी नीट कळत नसे. तेही मी कुणाला सांगितले नव्हते.

बोलणी खायची तयारी करूनच गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, काट्यावर उभे केले. ७९. मी मान खाली घालून बसले. त्या म्हणाल्या, "१०८ वरून ७९. म्हणजे अजून २९ किलो खाली आहात तुम्ही. यात लपवण्यासारखं काय होतं? मला राग वजनाचा नाही. दोन वर्षं का आला नाहीत, त्याचा आहे." रक्त तपासले तेव्हा ब-१२ अगदी तळाला गेलेले निघाले. अन्नातले ब-१२ सुटे होऊन अंगी लागायला जठरातले आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक द्रव्य लागते. जठराचा मोठा भाग काढल्यावर ते कमी पडते आणि शाकाहारात मुळात हे जीवनसत्त्व थोडे. फार दिवस दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. माझी इंजेक्शने लगेच सुरू झाली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण डाव्या पायाच्या बोटांना थोडी बधिरता आजही आहे. वजनाच्या भीतीने मला पाच किलो वाचवून दिले नाहीत, ही बधिरता मात्र दिली.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती शस्त्रक्रियेच्या आधीच कुणीतरी ठासून सांगायला हवी होती. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया झालेली सुमारे दोन हजार माणसे आणि न झालेली जवळजवळ तितकीच, यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. २००७ साली त्यातले आकडे प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळच्या सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि मग हळूहळू थोडे वर येऊन दहा वर्षांनी मूळच्यापेक्षा २५ टक्के कमी असे स्थिरावले. बाकीच्या प्रकारांतही तीच रीत होती, आधी तळ आणि मग थोडा चढ. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन मात्र जवळपास होते तिथेच राहिले. आणि थोडे वजन परत येऊनही, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिले. माझ्या प्रकारची शस्त्रक्रिया त्या पाहणीत नव्हती, पण मासला म्हणून माझ्या १०८ किलोंवर ते गणित बसवून पाहिले. ७३ पर्यंत उतरून ८१ वर स्थिरावणे! म्हणजे ज्याला मी माझा नादानपणा समजत होते, तो पुष्कळसा शरीराचा धर्म होता.

असे का होते? लहान पातेल्याला गॅस कमी लागतो, तसे लहान झालेल्या शरीराला अन्न कमी पुरते. उतरलेल्या वजनाला शरीर ‘दुष्काळ’ समजते आणि बचत करायला लागते. पहिल्या वर्षी पळालेली भूक पुढे काही अंशी परत येते, जठरही थोडे सैल होते. यात तुमची लाज कुठे आली? ७४ हा माझा तळ होता, घर नव्हे. आपण मात्र तळालाच घर समजून बसतो आणि तिथून पायरीभर वर आलो की पुन्हा १०८ दिसू लागतात.

आता मी काय करते ते सांगते. घरातला काटा आता माळ्यावर आहे. तो फक्त रविवारी सकाळी खाली येतो. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकदाच उभे राहायचे, वहीत आकडा लिहायचा आणि काटा परत माळ्यावर. रोजच्या आकड्याला काही अर्थ नसतो. आदल्या रात्री लोणचे-पापड झाला, पाळी जवळ आली, पोट साफ झाले नाही, की किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. ते पाणी असते, चरबी नव्हे. बघायचे ते महिन्याच्या चार आकड्यांकडे. माझी वरची हद्द डॉक्टरीणबाईंनीच ठरवून दिली आहे. ८२ सलग महिनाभर दिसले तर फोन करायचा. त्याच्या आत काय वाट्टेल ते होवो, मी उपास करायचा नाही आणि वर गेले तर लपायचे नाही. हद्द आधीच ठरलेली असली, की रोज रात्री मनाशी खटला चालवावा लागत नाही.

उपास सोडले म्हटल्यावर घरात थोडी कुजबूज झाली. सासूबाईंना मी सगळे खरे सांगून टाकले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "देव काय तुझ्या पायापेक्षा मोठा आहे का गं?" तेव्हापासून एकादशीला त्या मला स्वतः पनीर परतून देतात!

जेवताना पहिले घास प्रथिनांचे. मला दिवसाला साठ ग्रॅम सांगितली आहेत. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठराच्या आसपास, एक अंडे म्हणजे सहा, मग उरलेली बेरीज डाळी-उसळी, दही, सोयाबीन यांनी करायची. आपले नेहमीचे पातळ वरण त्या हिशेबात फार मदत करत नाही, डाळ घट्ट हवी. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. आणि जेवायचे ते ताट वाढून, बसून. ओट्यापाशी उभ्याने नाही, मुलांच्या डब्यातले उरलेले नाही. हे शेवटचे आपल्या बायकांना सर्वांत जड जाते. टाकवत नाही ना! पण तुमचे पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे.

सणावारी गोड सोडलेले नाही. पुरणपोळीची चतकोर, साजूक तुपासह, सगळ्यांबरोबर पंगतीत बसून. बायपास झालेल्या बहिणींनी मात्र जपावे, गोड एकदम पोटात गेले तर धडधड, घाम, मळमळ असा त्रास त्यांना होऊ शकतो.

धास्ती गेली का? नाही. कमी झाली आहे. ती येते तेव्हा मी स्वतःला विचारते, की या आठवड्यात तू काय खाल्लेस, किती चाललीस, झोपलीस किती? उत्तरे बरी असली तर धास्तीला म्हणायचे, बस बाई तू कोपऱ्यात. उत्तरे बरी नसली तर तिचे ऐकायचे, पण काट्यावर नाही, स्वयंपाकघरात. दुसरे एक हल्ली लक्षात आले आहे. पूर्वी जिवाला त्रास झाला की मी खात असे. आता तेवढे खाता येत नाही, आणि त्रास तर आहे तिथेच आहे. त्याला दुसरी वाट करून द्यावी लागते. मी समुपदेशिकेकडे सहा महिने गेले. ते जमत नसेल, मन फारच खचत असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येते.

आणि खरोखरच पुष्कळ वजन परत आले असेल तर? तपासणीच्या बाकावर मला एक बाई भेटल्या. त्यांचा बायपास होऊन नऊ वर्षे झालेली. मध्ये यजमान गेले आणि दोन वर्षांत बावीस किलो परत आले. म्हणाल्या, "सगळे म्हणतात, डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, तूच घालवलंस." त्यांची तपासणी झाली तेव्हा थायरॉइड कमी निघाले आणि झोपेसाठी चालू असलेले एक औषधही वजन वाढवणारे निघाले. अशी कारणे शोधावी लागतात. कधी दुर्बीण घालून जठराची पिशवी सैल पडली आहे का ते पाहतात, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया करतात. भूक आवरणारी आठवड्याच्या इंजेक्शनांची नवी औषधेही २०२५ मध्ये भारतात वजनासाठी मिळू लागली. तिर्झेपटाइड मार्चमध्ये आले आणि त्यानंतर सेमाग्लुटाइड. आली तेव्हा महाग होती, मळमळ होते, आणि मैत्रिणीने घेतले म्हणून आपण घ्यावे असे तर मुळीच नाही. पण वाट आहे. त्या बाई आता नियमाने येतात, एवढे मला ठाऊक आहे.

लेकीचे सांगायचे राहिले. तिला आधी मी ‘असं करू नकोस’ म्हणून पाहिले, पण स्वतः काट्यावर चढणारी आई ते कुठल्या तोंडाने सांगणार? मग काटा माळ्यावर गेला. घरात कुणाच्या अंगावरून बोलायचे नाही, कौतुकानेसुद्धा नाही, असा नियम केला. आमच्या ह्यांना तो पाळायला सर्वांत वेळ लागला, कारण त्यांना ‘काय गं ढमे’ म्हणायची सवय! आता ती नववीत आहे, कबड्डी खेळते, डब्यात तीन पोळ्या नेते आणि तिन्ही खाते. त्या वहीचे पान तिनेच फाडून टाकले. केव्हा, ते मी विचारले नाही.

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला. मास्तरांनी या वेळी विचारलेच नाही, मीच म्हटले, "दोन्ही बाजूंना माया ठेवा." ते म्हणाले, "ठेवणारच होतो."

तुमच्यापैकी कुणाची तपासणी लाजेपायी राहिली असेल, तर या आठवड्यात फोन करून दिवस ठरवून घ्या. जाताना जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या (डोकेदुखीच्या आणि झोपेच्यासुद्धा), आणि आठवडाभर खरे-खरे काय खाल्ले ते लिहिलेली वही न्या. चिवडाही लिहा. ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करायची का, ते आठवणीने विचारा. स्लीव्ह झालेल्यांनी छातीत जळजळ होत असेल तर तीही सांगावी. रक्त उपाशीपोटी द्यायचे असेल तर सोबत डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा पनीरचे तुकडे असू द्या. तिथल्या कँटीनमध्ये सकाळी वडा-सांबाराशिवाय काही मिळत नाही.